दहा जणांची रेड कशी चालवावी

कल्पनाविश्वातील ऑनलाइन खेळांत दहा, वीस किंवा चाळीस खेळाडू एकत्र येऊन एखाद्या बलाढ्य शत्रूवर जी चढाई करतात तिला रेड म्हणतात आणि त्या शत्रूला बॉस. ज्यांनी रेड खेळली आहे त्यांना ठाऊक असते की प्रत्येकाला आपापले काम उत्तम येत असले तरी पहिल्या काही रात्री सगळा गट पुन्हा पुन्हा मरतो, म्हणजे वाइप होतो. त्याचे कारण बहुतेक वेळा कोणाच्या बोटांत नसते. कोणी, कुठे, केव्हा काय करायचे हे आधी ठरलेले नसते आणि ऐन लढाईत ते ठरवायला सवड मिळत नाही. हे ठरवणारा माणूस म्हणजे रेड लीडर. हे काम शिकून येते, आणि ते शिकताना मला एक गोष्ट सर्वांत उशिरा उमगली: लीडरचे बरेचसे काम लढाई सुरू होण्यापूर्वी झालेले असावे, आणि लढाई चालू असताना त्याने फार थोडे शब्द बोलावेत. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका गोष्टीभोवती आहे.

उदाहरणे मी मुख्यतः वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील कराझान या रेडची देणार आहे. मेडिव्ह या जादूगाराचा हा झपाटलेला बुरूज २००७ च्या जानेवारीत ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारासोबत आला आणि २०२१ च्या जूनमध्ये क्लासिक, म्हणजे जुना खेळ नव्याने काढलेल्या आवृत्तीत पुन्हा उघडला. त्याआधीच्या मोल्टन कोअरसारख्या रेडला चाळीस माणसे लागत. कराझानला दहा पुरतात. मुंबईत आणि आसपास राहणारी, मराठीत बोलून खेळू इच्छिणारी चाळीस माणसे जमवणे आम्हाला कधीच शक्य झाले नसते, पण दहा जमली. दादर, कुर्ला, मुलुंड, बोरिवली, डोंबिवली आणि वसई येथून आम्ही युरोपातील सर्व्हरवर एकत्र येत असू. तुम्ही दुसरा खेळ खेळत असाल, म्हणजे फायनल फँटसी फोर्टीनमध्ये दोन टँक, दोन हीलर आणि चार डीपीएस (या भूमिका पुढे सांगतो) अशा आठ जणांच्या गटात असाल किंवा एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनच्या बारा जणांच्या ट्रायलमध्ये, तरी यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी दुसऱ्याच्या रेडमध्ये एकच काम मागून घ्यावे

पहिल्याच दिवशी दहा जणांची सूत्रे हाती घेऊ नयेत. ज्या गटात तुम्ही आज खेळता त्या गटाच्या लीडरकडे जाऊन एकच काम मागून घ्यावे: बॉसचा अमुक मंत्र कोणी तोडायचा, त्याची पाळी मी पुकारतो. एवढेच. हे एक काम चार आठवडे केले की आपले स्वतःचे पात्र नीट खेळत असताना दुसऱ्यांकडे लक्ष ठेवणे किती जड जाते ते कळते, आणि हळूहळू ते जड वाटेनासे होते. ज्याला स्वतःच्या पात्राची बटणे अजून पाहून दाबावी लागतात त्याने लीडर होण्याची घाई करू नये, कारण त्याचे डोळे पडद्याच्या खालच्या पट्टीवर अडकलेले असतात आणि लीडरचे डोळे खोलीवर असावे लागतात.

त्याबरोबरच तिन्ही भूमिका खेळून पाहाव्यात. शत्रूचा मार अंगावर घेणारा टँक, सगळ्यांना जिवंत ठेवणारा हीलर आणि मारा करणारे डीपीएस यांना एकच लढाई वेगवेगळी दिसते. टँकच्या पडद्यावर बहुतेक वेळ बॉसचे पाय असतात. हीलरची नजर दहा जणांच्या आरोग्याच्या पट्ट्यांवर खिळलेली असते. दूर उभा राहून मारा करणारा जादूगार किंवा शिकारी मात्र सगळी खोली पाहू शकतो. डंजनमध्ये, म्हणजे पाच जणांच्या साध्या चढाईत, दोन आठवडे टँक आणि दोन आठवडे हीलर म्हणून खेळल्यावर ‘हीलर लक्ष देत नाही’ असे वाक्य तुमच्या तोंडून सहसा निघणार नाही. पुष्कळ गटांत टँकच लीडर असतो, कारण बॉस कुठे उभा राहील हे त्याच्या हातात असते, आणि अनुभवी माणसाला ते जमतेही. शिकणाऱ्याने मात्र दुरून मारा करणारे पात्र घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. खोली दिसली तरच खोलीविषयी बोलता येते.

नावानिशी वाटणी

कराझानमधील मोरोस हा बॉस वाटणी शिकण्यासाठी उत्तम आहे. तो मेजवानीच्या दालनात चार पाहुण्यांसह उभा असतो; हे चार जण सहा संभाव्य पाहुण्यांतून येतात, त्यामुळे दर आठवड्याला समोर कोण असेल ते दालनात गेल्यावरच कळते. सगळ्यांशी एकदम लढता येत नाही. हे पाहुणे मृतात्मे असल्यामुळे प्रीस्ट आपल्या शॅकल या मंत्राने त्यांना बांधून ठेवू शकतो, शिकारी बर्फाच्या सापळ्यात अडकवू शकतो, आणि उरलेल्यांना ठरलेल्या क्रमाने मारावे लागते. म्हणजे लढाईच्या आधी निदान पाच-सहा निर्णय घ्यावे लागतात: कोणाला बांधायचे, कोणी बांधायचे, बांधणारा मेला तर त्याच्या जागी कोण, पहिला कोणाला मारायचा, दुसरा कोणाला, मोरोसला कोणी धरायचे.

येथे नवा लीडर बहुधा एक चूक करतो. तो म्हणतो, ‘त्या डावीकडच्या बाईला कोणीतरी बांधा.’ दोन प्रीस्ट असतील तर दोघेही बांधायला जातात किंवा दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात. प्रत्येक कामाला एक नाव आणि एक खूण असली पाहिजे. या खेळात शत्रूच्या डोक्यावर ठेवता येतात अशा आठ खुणा आहेत: कवटी, फुली, चौकोन, चंद्र, त्रिकोण, हिरा, वर्तुळ आणि तारा. कवटीला प्रथम मारायचे आणि फुलीला त्यानंतर, ही बहुतेक ठिकाणची रीत आहे. आमच्या गटात एकाच नावाचे दोघे होते आणि पात्रांची नावे उच्चारायला अवघड होती, म्हणून आम्ही माणसांना स्टेशनांच्या नावाने हाक मारू लागलो. ‘वसई, चंद्र. मुलुंड, त्रिकोण. वसई गेली तर चंद्र दादरकडे.’ हे मी लढाईपूर्वी म्हणत असे आणि प्रत्येकाने आपले काम स्वतःच्या तोंडाने परत सांगावे असा आग्रह धरत असे: ‘वसई, चंद्र माझा.’ नुसते ‘हो’ पुरेसे मानू नये. ज्याने तोंडाने म्हटले त्याला ते आठवते.

ही वाटणी कागदावर लिहून ठेवावी. मी दोनशे पानी वही वापरत असे. एका बॉसला एक पान, पानाच्या मध्यभागी खोलीचा ओबडधोबड नकाशा, भोवती नावे, आणि खाली फक्त तीन ओळी, ज्या लढाईत मोठ्याने म्हणायच्या आहेत. चौथी ओळ लिहाविशी वाटली तर आधीच्या तिनांपैकी एक ओळ लढाईपूर्वीच्या वाटणीत घालता येते का ते पाहावे. बहुतेक वेळा येते.

पाच-पाच जणांचे दोन उपगट कसे पाडायचे हाही लीडरचा निर्णय असतो आणि तो क्षुल्लक नाही. या आवृत्तीत शामानचा ब्लडलस्ट हा मंत्र त्याच्या स्वतःच्या पाच जणांच्या उपगटालाच लागू होतो, ४० सेकंद टिकतो आणि पुन्हा वापरण्यासाठी १० मिनिटे थांबावे लागते. तेव्हा शामान कोणत्या उपगटात आहे आणि तो मंत्र केव्हा सोडणार आहे, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवावे. क्युरेटर या बॉसची जादूची शक्ती संपली की तो २० सेकंद निश्चल उभा राहून ती भरून घेतो आणि त्या वेळात त्याला तिप्पट इजा होते. राखून ठेवलेले सगळे काही सोडण्याची ती वेळ आहे, हे डीपीएसना सांगण्याची जागा लढाईच्या आधी आहे, मध्यात नाही.

माणसे आणि वेळ

दहाच्या रेडसाठी दहा माणसे पुरत नाहीत, बारा लागतात. मुंबईत तर निश्चितच. जुलैमध्ये कुर्ला आणि शीव यांच्या दरम्यान रुळांवर पाणी आले की आमचा मुख्य टँक ठाण्याच्या फलाटावर अडकत असे आणि त्याच्याविना रात्र वाया जात असे. त्यानंतर आम्ही दोन राखीव खेळाडू ठेवले आणि त्यांना दर तिसऱ्या आठवड्याला हक्काने खेळवण्याचा नियम केला, कारण ज्याला फक्त पावसाच्या दिवशीच बोलावले जाते तो फार काळ टिकत नाही.

युरोपातील गटांत खेळणाऱ्यांनी घड्याळाकडे विशेष लक्ष द्यावे. मध्य युरोपातील रात्रीचे ८ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे १२:३० आणि उन्हाळ्यात ११:३०, कारण तेथे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात आणि आपल्याकडे बदलत नाहीत. आमचा गट आपलाच असल्यामुळे आम्ही बुधवार आणि शनिवार रात्री १० ते १२:३० अशी वेळ ठरवली होती. साडेबारा म्हणजे साडेबारा. ‘शेवटचा एक प्रयत्न’ असे म्हणून रात्रीचा एक वाजवणारा लीडर पुढच्या आठवड्यात तीन माणसे गमावतो, कारण त्यातील कोणाला सकाळी ७ ची गाडी पकडायची असते आणि कोणाच्या घरी एकाच खोलीत सगळे झोपलेले असतात.

याच कारणाने प्रत्येकाकडे कानावर बसणारा हेडफोन आणि बटण दाबल्यावरच सुरू होणारा माइक असावा. लॅमिंग्टन रोडवर साधा, टिकाऊ हेडफोन मिळतो. महागाचा लागत नाही. उघड्या माइकमधून कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेरचा हॉर्न ऐकू येऊ लागला की लीडरचा शब्द त्यात बुडतो, आणि रात्री हळू आवाजात बोलणाऱ्या हीलरचे तर काहीच ऐकू येत नाही.

कोणता शब्द, आणि केव्हा

माझ्या सर्वांत मोठ्या चुकीतून मी जे शिकलो ते येथे थोडे विस्ताराने सांगतो. कराझानच्या ग्रंथालयात शेड ऑफ एरन नावाचा बॉस आहे. खोली गोल, तो मध्यभागी आणि आपण त्याच्याभोवती. तो आळीपाळीने तीन मोठ्या गोष्टी करतो. एकदा तो सगळ्यांना स्वतःकडे ओढून घेतो, त्यांचा वेग कमी करतो आणि दहा सेकंदांचा एक स्फोट सुरू करतो. तेव्हा सगळ्यांनी भिंतीकडे धावायचे असते. एकदा तो बर्फाचे वादळ सोडतो, जे खोलीत गोल फिरते; तेव्हा त्याच्यापासून सरकत राहायचे असते. आणि एकदा तो काही खेळाडूंच्या पायाशी आगीचे कडे निर्माण करतो, ज्याला फ्लेम रीथ म्हणतात. ते कडे २० सेकंद टिकते, आणि तेवढ्या वेळात कोणीही, कडे ज्याच्याभोवती आहे त्याने किंवा दुसऱ्या कोणी, ते ओलांडले तर होणारा स्फोट सगळ्या रेडला लागतो. जागेवर उभे राहून मंत्र टाकायला, मारा करायला, बरे करायला काहीच हरकत नसते. फक्त पाऊल उचलायचे नाही.

पहिल्या रात्री कडे आले की मी ‘थांबा!’ असे ओरडत असे. चार वेळा आम्ही वाइप झालो आणि चारही वेळा कोणीतरी कडे ओलांडले होते. चौथ्या वेळी ते आमच्या कुर्ल्याच्या वॉरलॉकने ओलांडले, आणि मी सगळ्यांसमोर त्याला रागाने विचारले की थांबा म्हटल्यावर तू थांबला का नाहीस. तो म्हणाला, ‘दादा, थांबलो होतो. मारायचा थांबलो होतो.’

त्याचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. त्याआधीच्या प्रत्येक बॉसच्या वेळी, टँकने शत्रूचे लक्ष स्वतःकडे पक्के ओढून घेईपर्यंत डीपीएसनी मारा करू नये म्हणून मी ‘थांबा’ म्हणत आलो होतो. आमच्या गटात त्या शब्दाचा अर्थ ‘मारा रोखा’ असा रुळला होता. कडे आल्यावर त्याने शिस्तीने मारा रोखला, हात मोकळे झाले म्हणून भिंतीच्या बाजूला दोन पावले सरकला, आणि नेमके तेच करायचे नव्हते. मी एका शब्दाला दोन अर्थ दिले होते आणि दोष त्याला दिला. मी तेथेच, सगळ्यांसमोर, त्याची क्षमा मागितली, कारण दोष सगळ्यांसमोर दिला होता.

मग आम्ही नवा शब्द शोधला आणि तो शोधायला एक मिनिटही लागले नाही. मुलुंडची आमची प्रीस्ट म्हणाली, ‘स्टॅच्यू म्हणा ना.’ लहानपणी गल्लीत आणि शाळेच्या मैदानावर आम्ही सगळेच तो खेळ खेळलो होतो. ‘स्टॅच्यू’ म्हटले की होता तसा उभा, ‘ओव्हर’ म्हटले की सुटका. दुसऱ्या कशासाठीही आम्ही तो शब्द वापरत नव्हतो, त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही, आणि सुटकेचा शब्दही त्याच खेळातून आयता मिळाला. पुढच्या प्रयत्नात कडे आले, मी एकदाच ‘स्टॅच्यू’ म्हटले, आणि दहाही जण उभ्या जागी मंत्र टाकत राहिले. वीस सेकंदांनी ‘ओव्हर’. त्या रात्री एरन पडला.

तेव्हापासून शब्दांविषयी माझे नियम कडक आहेत. एका शब्दाला एकच अर्थ असावा. शब्द दोन-तीन अक्षरांचा असावा आणि दुसऱ्या कोणत्याही शब्दासारखा ऐकू येऊ नये. ‘मारा’ आणि ‘सारा’ घाईत सारखेच वाटतात. लोकलच्या शेवटच्या डब्यातील गार्ड मोटरमनला गर्दी चढली, सिग्नल मिळाला, आता निघू या असे काही सांगत बसत नाही; तो दोन घंटा देतो आणि गाडी हलते. लीडरच्या शब्दाचे काम तसेच चालावे. तसेच डावे-उजवे कधीही म्हणू नये, आणि गोल खोलीत तर नाहीच, कारण बॉसकडे तोंड करून उभ्या असलेल्या दहा जणांचे डावे हात दहा दिशांना असतात. दार, जिना, कपाट, अशा हलत नसलेल्या वस्तूंची नावे घ्यावीत: ‘बर्फ दाराशी.’

शब्द केव्हा उच्चारायचा हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मुंबईहून युरोपातील सर्व्हरपर्यंत संकेत जाऊन परत यायला शंभर ते दोनशे मिलिसेकंद लागतात, त्यात माइकमधून आवाज पोहोचण्याचा वेळ मिळवा, ऐकणाऱ्याने समजून बोट हलवण्याचा वेळ मिळवा. तुम्ही पाहिले आणि त्याने केले यात सहज एक सेकंद निघून जातो. म्हणून जे घडणार आहे ते तीन-चार सेकंद आधी पुकारावे. डेडली बॉस मॉड्ससारखे अ‍ॅडऑन पुढचा हल्ला केव्हा येणार ते दाखवते आणि सगळ्यांनी ते लावलेले असावेच, पण तुमच्या गटाची वाटणी त्याला ठाऊक नसते. ‘मुलुंड, आता तू’ हे ते सांगत नाही. माणसाची गरज तेथे लागते.

आपल्या भाषेतील एक अडचणही आधीच मिटवावी. आमच्या गटात सतरा वर्षांचा विद्यार्थी होता आणि बँकेत नोकरी करणारे पंचेचाळिशीचे काकाही होते. लढाईत त्या मुलाला ‘काका, कृपया तुम्ही दाराकडे सरका’ असे म्हणायला लागेपर्यंत काका मेलेले असत, आणि नुसते ‘सरक’ म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. काकांनीच तोडगा काढला: पुल, म्हणजे बॉसशी लढाई, सुरू झाल्यापासून बॉस पडेपर्यंत किंवा आपण पडेपर्यंत सगळे अरे-तुरे, त्यानंतर पुन्हा अहो-जाहो. हे मोठ्या माणसानेच मोकळेपणाने सांगावे, म्हणजे लहानाला संकोच राहत नाही.

जेव्हा आयत्या वेळी ठरवावेच लागते

सगळे आधी ठरवता येते असे नाही. कराझानच्या माथ्यावरील प्रिन्स मालचेझार हा बॉस लीडरची खरी परीक्षा घेतो. तो पाच जणांचे आरोग्य हजारोंवरून १ या आकड्यावर आणून ठेवतो आणि लगेच त्याच्या आसपास असलेल्या सगळ्यांना लागेल असा स्फोट करतो. त्या पाच जणांनी दूर धावायचे असते, हे आधी शिकवता येते. पण आकाशातून इन्फर्नल नावाचे जळते राक्षस कोठे पडतील हे कोणालाच ठाऊक नसते, ते पडले की तीन मिनिटे तेथेच जळत राहतात, आणि आपली उभे राहण्याची जागा क्षणाक्षणाला आक्रसत जाते. येथे टँकने प्रिन्सला घेऊन हलायचे की नाही, हा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो.

अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे लीडर गप्प होतो आणि प्रत्येक जण आपापल्या समजुतीने पळतो. दुसरी म्हणजे तो निर्णय घेतो आणि दोन सेकंदांनी बदलतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट आहे. दहा जण मिळून चुकीच्या जागी गेले तर हीलर त्यांना बहुधा वाचवू शकतात. पाच इकडे आणि पाच तिकडे झाले तर वाचवू शकत नाहीत, कारण बरे करण्याचे मंत्र ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतात. म्हणून मी लढाईपूर्वी दोनच जागा ठरवून ठेवत असे, ‘घर’ आणि ‘गच्ची’. घर म्हणजे दाराजवळची भिंत, गच्ची म्हणजे समोरचा मोकळा कोपरा. इन्फर्नल घराजवळ पडला तर ‘गच्ची’, एकदाच. निर्णय चुकला असे वाटले तरी सगळे तेथे पोहोचेपर्यंत तोंड उघडू नये.

वाइप झाल्यावर

सगळे मेले की पहिली तीस सेकंदे कोणी कोणाविषयी बोलू नये. हा नियम मी घातला कारण त्या तीस सेकंदांत बोललेली बहुतेक वाक्ये खोटी असतात. माणसाला शेवटचे जे दिसले तेच कारण वाटते, आणि शेवटी सहसा टँक मरतो, म्हणून टँकला किंवा त्याच्या हीलरला दोष जातो.

त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: पहिला कोण मेला आणि कशामुळे? मोरोसच्या एका प्रयत्नात आमचा टँक मेला आणि बोरिवलीच्या हीलर ताईंनी स्वतःहूनच माझी चूक झाली असे म्हटले. आम्ही लढाईची नोंद उघडून मागे मागे गेलो. टँकच्या आधी दुसरा हीलर मेला होता, एका सुटलेल्या पाहुण्याच्या हातून. तो पाहुणा सुटला होता कारण त्याला बांधणारी प्रीस्ट आधीच मेली होती आणि मंत्राची मुदत संपल्यावर त्याला पुन्हा बांधायला कोणी उरले नव्हते. प्रीस्ट मेली कारण मोरोसने मुख्य टँकला गाउज करून काही सेकंद निष्क्रिय केले आणि थ्रेटमध्ये, म्हणजे शत्रूचे लक्ष कोणाकडे आधी जाईल त्या क्रमवारीत, जो दुसऱ्या क्रमांकावर होता त्याच्याकडे तो वळला. तेथे आमचा दुसरा टँक असायला हवा होता. तो नव्हता, कारण मी त्यालाच कवटीला मारायला पाठवले होते. ताईंची चूक कोठेच नव्हती. चूक माझ्या वहीतील पानावर होती. ते नाव खोडून दुसरे लिहिले आणि पुढच्या प्रयत्नात मोरोस पडला.

एका वाइपनंतर एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारले आणि कशामुळे बिघडले हे कळत नाही. एखादा खेळाडू पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल तर त्याच्याशी रेड संपल्यावर एकट्याशी बोलावे, आणि आधी त्याला काय दिसत होते ते विचारावे. आमच्या डोंबिवलीच्या शिकाऱ्याला एरनचे कडे वेळेवर दिसत नसे. त्याचा लॅपटॉप जुना होता आणि चित्राचा दर्जा त्याने इतका कमी ठेवला होता की आग फिकट भुरकी दिसत असे. सहा महिने तो स्वतःला मंद समजत होता. एका सेटिंगने प्रश्न सुटला.

बॉसकडून मिळणाऱ्या वस्तूंच्या लुटीविषयी थोडक्यात: नियम कोणताही असो, फासे टाकायचे असोत, गुणांची नोंद ठेवायची असो की तीन जणांनी मिळून ठरवायचे असो, तो पहिला बॉस पडण्यापूर्वी सर्वांना सांगितलेला असावा आणि त्या रात्री बदलू नये. लीडरला स्वतःला हवी असलेली वस्तू पडली तर तिचा निर्णय दुसऱ्याने करावा.

कराझान तुमच्या हाताखाली दोन-तीनदा पूर्ण झाले की गटातील दुसऱ्या कोणाला तरी एक बॉस चालवायला द्यावा. क्युरेटर त्यासाठी योग्य आहे, कारण त्याची लढाई ठरावीक क्रमाने चालते. वहीतले पान त्याच्या हाती द्यावे, हवे तर त्याने ते नव्याने लिहावे, आणि तो पुकारत असताना आपण आपला माइक बंद ठेवून त्याने दिलेले काम करावे.